पोळ्यांच्या डब्यातलं मोजयंत्र

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याने सांगितलेलं एकही माप खरं मानलं नाही. दूधवाल्याचं लिटर, शिंप्याचा इंच, डॉक्टरांनी सांगितलेला ताप, वर्तमानपत्रातलं तापमान, सगळ्यांकडे ते सारख्याच संशयाने बघत, आणि तो संशय फिटल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपली, भटजी आता अंतरपाट काढायला सांगणार, एवढ्यात हे गृहस्थ मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाले, “गुरुजी, अजून पन्नास सेकंद आहेत.” गुरुजी बिचारे थांबले. मी आणि माझी होणारी बायको हातात हार धरून, त्या अंतरपाटाकडे बघत पन्नास सेकंद उभे. आजही आमचं वाजलं की बायको म्हणते, त्या पन्नास सेकंदांत मी नीट विचार करायला हवा होता. आमच्याकडे जेवायला आले की पोळ्यांचा हिशेबही चोख. माझ्या बायकोने आग्रहाने म्हणायचं, “भाऊजी, तीनच तर झाल्या, अजून एक घ्या,” आणि यांनी हात ताटावर आडवा धरून म्हणायचं, “चार. दुसरी जरा लहान होती, पण झाल्या चार.” आग्रहात खोटं बोलायची रीत असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

याला थोडंफार कारण त्यांची नोकरी. सोनागिरीच्या शेजारच्या कारखान्यात छत्तीस वर्षं ते केबल तपासायच्या खात्यात होते. त्यांच्या टेबलावर एक नियम होता आणि तो त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणला, लोक देवघरातला गणपती आणतात तसा. नियम असा, की ज्याला माप हवं आहे त्याने ते वाचायचं नाही. वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. लिहिणाऱ्याने आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं. वाचणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, लिहिणाऱ्याने ते परत म्हणून लिहायचं, मग दोघांनी जागा बदलायच्या, आणि असं एकूण तीनदा. मी एकदा विचारलं, “भाऊजी, एवढं कशाला? स्वतःच बघून लिहिलं तर काय बिघडतं?” तर म्हणाले, “साडूभाऊ, माणूस हवं ते वाचतो. डोळा फार लाचार असतो.” मी सरकारी कचेरीतला कारकून, मला हे पटायला काहीच हरकत नव्हती. पण रविवारी सकाळी तुलसी नगरहून मुद्दाम जावं आणि त्यांच्या पाण्याच्या टाकीची खोली तीनदा वाचून यावं, याचा मला मनापासून कंटाळा येई. तरी मी जायचो. त्यांचा एकुलता एक वाचणारा मी होतो. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची सख्खी मोठी बहीण, पहिल्याच वर्षी त्या कामातून बडतर्फ झाल्या होत्या, कारण त्या आकडा सांगताना “असेल बारा-तेरा” असं म्हणायच्या.

यंत्राचं खूळ महाराणा प्रताप नगरातल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात जन्माला आलं. दुकानदाराने नव्वद मीटर वायरचं भेंडोळं दिलं. यांनी खिशातून पोलादी फीत काढली. “अंकल, पैकिंग पे लिखा है, नब्बे मतलब नब्बे,” दुकानदार म्हणाला. “लिखने को तो मैं भी लिख दूँ बेटा. नापा किसने?” असं म्हणून यांनी भेंडोळं सोडायला सुरुवात केली. वायर दुकानातून निघाली, पायऱ्या उतरली, फुटपाथवर आली, क्लास सुटलेल्या पन्नासेक पोरापोरींच्या पायांखालून झेरॉक्सवाल्यापर्यंत गेली आणि तिथून पोहेवाल्याच्या गाडीला वळसा घालून परत आली. दुसऱ्या टोकाला मी, उन्हात, फीत धरून. वायर अठ्ठ्याऐंशी मीटर भरली. दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसरं भेंडोळं पुढे केलं. साडूंनी तेही सोडायला घेतलं, तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला, “अरे अंकल, बिना खोले नापने की कोई मशीन ले आओ ना, खुदा के वास्ते!” तो वैतागून बोलला आणि यांनी ते मनावर घेतलं.

वायर न उलगडता, नुसतं एक टोक हातात धरून तिची लांबी सांगणारं यंत्र. त्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि मला समजलं याचं त्यांना फार नवल वाटलं. विहिरीत हाक मारली की आवाज तळाला आपटून परत येतो, तसं वायरीच्या एका टोकातून विजेचा ठोका सोडायचा. वायर जिथे संपते, किंवा तुटलेली असते, तिथे तो आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजलं की लांबी कळली. फक्त तो वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजायचा, एवढंच. हे ‘एवढंच’ पुढे कित्येक महिने चाललं. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी कारखाना मांडला. पहिल्या यंत्राने आमच्या टेबलफॅनच्या वायरची लांबी सव्वा किलोमीटर सांगितली. दुसऱ्याने त्याच वायरची लांबी उणे चार मीटर सांगितली. “म्हणजे पंखा आपल्याला चार मीटर देणं लागतो का?” अक्कांनी विचारलं. त्यांना राग येण्याचं सबळ कारण होतं. यंत्राला लोखंडी किंवा स्टीलचं आवरण हवं, म्हणून स्वयंपाकघरातले डबे एकेक करून गच्चीवर चालले होते. रव्याचा गेला, साबुदाण्याचा गेला, आणि एक दिवस पोळ्यांचा डबा गेला. तो परत आणायला अक्का स्वतः वर गेल्या, तर झाकणाला चार भोकं पडलेली. “अहो, आता पोळ्या काय तुमच्या खिशात ठेवू?” म्हणाल्या, आणि मग त्या भोकांतून एक डोळा लावून आत बघत राहिल्या. त्या भांडायच्या खऱ्या, पण खाली आल्यावर आम्हाला सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक असायचं.

मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला डावा हात, आणि हसू, तेही अर्ध्या तोंडाचं. मुलगी बंगळुरूहून आली, महिनाभर राहिली, रडत परत गेली. कामाची बाई दुपारी दोनपर्यंत असे, पुढे हे दोघंच. साडूंनी पहिलं काम काय केलं असेल, तर अक्कांच्या पलंगापासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत घंटीची तार ओढली. भिंतीत खाच पाडून, वर प्लास्टर करून, खोलीतून बोळात, बोळातून जिन्याने वर, थेट त्यांच्या टेबलापर्यंत. एकतीस मीटर, तीनदा मोजून. वाचणारा अर्थातच मी. कुठे किती उंचीवरून तार गेली आहे याचा नकाशा वहीत काढला, आणि बटण अक्कांच्या डाव्या हाताशी बांधलं. एकदा दाबलं की पाणी, दोनदा की या, तीनदा की आता पुरे करा तुमचे उद्योग. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला घंटीची तपासणी होई. अक्का मधूनच उगाच दोनदा दाबत. हे जिने उतरून धापा टाकत येत, तर त्या अर्ध्या तोंडाने हसत पडलेल्या. “बघा साडूभाऊ, बोलता येत नाही, पण खोड्या चालू आहेत,” ते मला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा फुलून येई की मला कुठे बघावं कळत नसे.

त्या दिवाळीच्या आधी गच्चीवरच्या खोलीची जमीन पाझरायला लागली, म्हणून जुन्या कोब्यावर नव्या फरशा बसवल्या. गवंडी तीनदा काम सोडून पळाला आणि तीनदा परत आणला गेला, कारण साडू प्रत्येक फरशीवर पाणसळ ठेवत. शेवटी तो अक्कांच्या पलंगाशी येऊन हात जोडून म्हणाला, “माताजी, साहब को समझाओ, ये फर्श है, आँख का आपरेशन नहीं.” अक्कांनी तीनदा घंटी वाजवली. खूप हसलो आम्ही त्या दिवशी. त्या घरात आम्ही सगळे मिळून हसलो ते बहुधा शेवटचं.

फाल्गुनातल्या एका दुपारी चार वाजता साडू चहा करायला खाली आले, तर अक्का गेलेल्या होत्या. डावा अंगठा बटणावर होता. घंटी वाजली नव्हती. साडूंनी अक्कांचा अंगठा तसाच धरून बटण दाबून पाहिलं, आणि वर काही वाजलं नाही. मग ते वर जाऊन आले, परत दाबून पाहिलं, परत वर गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ते जिन्यात बसले होते आणि माझ्या बायकोला पाहून एवढंच म्हणाले, “आठला वाजली होती गं. मी स्वतः ऐकली.” डॉक्टर भला माणूस. त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, की दुसरा झटका मोठा होता, घंटी वाजली असती तरी काही करता आलं नसतं, मिनटों में सब हो गया. “कितने मिनट?” साडूंनी विचारलं. “अंकल, बस कुछ मिनट.” “कुछ मतलब? तीन? दस? पंद्रह?” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मला त्या क्षणी साडूंचा भयंकर राग आला होता. त्यांना गदागदा हलवून सांगावंसं वाटलं, की एकदा तरी दुसऱ्याचं ऐका, एकदा तरी. पण डॉक्टरांचं माप त्यांनी आधी कधी मानलं नव्हतं, ते त्या दिवशी तरी कसं मानतील?

तेराव्यानंतर त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि वही उघडून नकाशा समोर ठेवला. तार भिंतीच्या आत कुठेतरी तुटली आहे, एवढं नक्की होतं. कुठे तुटली, हा प्रश्न. “हे बघा, पलंगापासून अकरा ते बारा मीटरवर जिन्याचं वळण. तिथे भिंतीच्या भेगेत खारींनी घर केलंय, मागेही त्यांनी टेलिफोनची वायर कुरतडली होती. तिथे तुटली असेल, तर खारींनी तोडली.” मग त्यांचं बोट तारेच्या रेघेवरून वर वर सरकत गेलं आणि सव्वीसच्या पुढे थांबलं. “इथून ही खोली सुरू होते. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी या भिंतीत भोक पाडलं. यंत्र ठेवायला फळी लावायची होती. तारेच्या चांगलं पाच सेंटीमीटर खाली. वहीत बघून, जमिनीपासून मोजून पाडलं. आणि माप घेऊन पाडलं, म्हणून नंतर घंटी वाजवून बघितली नाही.” शेवटचं वाक्य ते इतक्या हळू बोलले, की मला ते ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. माझी बायको सरळ स्वभावाची. ती म्हणाली, “मग भाऊजी, तिथलं प्लास्टर फोडून बघा ना. छन्नी-हातोडीचं काम. एवढं मन कशाला जाळायचं?” साडू म्हणाले, “मोजल्याशिवाय फोडायचं नाही.” नियम म्हणून म्हणाले. पण मला पहिल्यांदाच त्यांच्या नियमामागे घाबरलेला माणूस दिसला.

त्यानंतर वर्षभर त्यांनी ते यंत्र केलं. आधीचा सगळा खेळ होता. हे वर्ष वेगळं होतं. दाढी वाढली, कपडे ढिले झाले, बोलणं तुटक झालं. मी रविवारी जाई आणि नव्या वायरीचे तुकडे मोजून मोजून आकडे वाची. तीन मीटर, सात मीटर, वीस मीटर. गच्चीवर फीत लावून मोजायचं, मग यंत्राने मोजायचं. चूक हातभर होती ती वीतभर झाली, वीतभर होती ती चार बोटांवर आली. त्या महाराणा प्रताप नगरच्या दुकानदाराला मी अक्कांबद्दल सगळं सांगितलं होतं. त्याने आपणहून घंटीच्या तारेचं अख्खं भेंडोळं दिलं, आणि साडूंनी ते दुकानात मोजलं नाही, यंत्राची परीक्षा घ्यायला ठेवून दिलं. यंत्राने आणि फितीने एकच आकडा सांगितला, तेव्हा मला वाटलं ते खूश होतील. ते म्हणाले, “आता काही बहाणा उरला नाही.”

चैत्रातला रविवार, सकाळचे अकरा. अक्कांच्या खोलीत पलंग तसाच होता, वर धुतलेली चादर. साडूंनी बटण सोडवलं, तारेची दोन टोकं यंत्राला लावली. यंत्र त्याच पोळ्यांच्या डब्यात बसवलेलं, झाकणाच्या चार भोकांतून वायरी बाहेर आलेल्या. पुढे लाल आकड्यांची छोटी पट्टी. मग त्यांनी वही घेतली, पेन घेतलं, आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. सदऱ्याच्या पाठीवर घामाचा डाग होता. “वाचा साडूभाऊ,” ते म्हणाले. मी बटण दाबलं. आकडे जरा थरथरले आणि स्थिर झाले. सत्तावीस पूर्णांक चार.

मी चष्मा पुसला. सत्तावीस पूर्णांक चार. आणि तेव्हा, नको त्या वेळी, मला त्या फरशा आठवल्या. तारेची उंची वहीत लिहिली ती जुन्या जमिनीपासून. नंतर तिच्यावर सिमेंटचा माल आणि फरशा बसल्या, जमीन पाच सेंटीमीटर वर आली. यांनी भोकाचं माप घेतलं ते नव्या जमिनीपासून. तारेच्या पाच सेंटीमीटर खाली म्हणजे बरोबर तारेवर. मापात चूक नव्हती. जमीन हलली होती, आणि तिच्यावर तर त्यांनी स्वतः पाणसळ ठेवून ठेवून फरशी बसवून घेतली होती.

“वाचा ना,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, भाजी संपली का विचारावं तसा. मी छत्तीस वर्षं केबल तपासणारा नव्हतो. मी कारकून होतो, आणि समोर माझ्या मेव्हणीचा नवरा उभा होता, ज्याने माझ्या लग्नात पन्नास सेकंद मोजले होते आणि ज्याचे खांदे आता सदऱ्यात मावेनासे नव्हे, सापडेनासे झाले होते. मी म्हणालो, “अकरा पूर्णांक चार.”

बाहेर जिन्यात खार चिर्र चिर्र ओरडत होती, जणू तिला आरोप ऐकू गेला होता. मग ते म्हणाले, “अकरा पूर्णांक चार,” नियमाप्रमाणे, आणि लिहिलं. मी वाट बघत राहिलो. आता जागा बदलायच्या होत्या. आता ते येऊन वाचणार, मी पाठ करून लिहिणार, आणि माझं खोटं उघडं पडणार. साडूंनी वही मिटली. पेन खिशाला लावलं. मग वळले, आणि सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत पलंगापर्यंत आले. त्या लाल आकड्यांकडे त्यांनी बघितलं नाही. नजर माझ्यावरच ठेवून त्यांनी हाताने डबा चाचपला, बटण शोधलं आणि यंत्र बंद केलं.

“अजून दोनदा...” मी कसंबसं म्हणालो.

“कशाला?” ते म्हणाले. “तुम्ही वाचलंत ना साडूभाऊ? मग खरंच असणार.”

मी जिना उतरून स्कूटरपाशी आलो आणि तिथे उभा राहून रडलो. बायकोला मी अजूनही तो आकडा सांगितलेला नाही. तिला एवढंच माहीत आहे की खारींनी तार तोडली. जिन्याच्या वळणावरचं प्लास्टर साडूंनी कधीच फोडून पाहिलं नाही. गच्चीवरच्या खोलीतली फळीही तशीच आहे. तिच्यावर ते काही ठेवत नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी डब्यातलं यंत्र काढून टाकलं, डबा चिंचेने घासून लख्ख केला आणि आमच्याकडे आणून दिला. “तुमच्या अक्काचा आहे, तुमच्याकडे वापरात राहील.” झाकणाला चार भोकं असल्याने त्यात पोळ्यांना घाम सुटत नाही, असं बायको सगळ्यांना सांगते. दुकानदार मला विचारतो, “अंकल आजकल आते नहीं?” मी म्हणतो, उन्हाचं जमत नाही त्यांना. दूधवाला देईल तेवढं दूध ते घेतात, शिंपी बेतेल तसा सदरा घालतात, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला होते. बायकोने त्या डब्यातून पोळी काढली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, “भाऊजी, तीनच तर झाल्या, अजून एक घ्या.” चार झाल्या होत्या. मी मोजल्या होत्या. हल्ली त्यांच्या मीच मोजतो. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, तो आता ताटावर आडवा येईल म्हणून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताट जरा पुढे सरकवलं.

“तीनच झाल्या असतील,” ते म्हणाले. “वाढ.”